कडेकडून आत

सेलूच्या आठवडी बाजारात, मिरच्यांची रांग संपते तिथं
गफूरभाई पोतं अंथरून बसायचे.
आयुष्यभर भांड्यांना कल्हई केली,
काळं काढलं, पांढरं चढवलं,
आणि म्हातारपणी नाणी विकायला लागले तर
गिऱ्हाइकाला पहिली ताकीद हीच :
"धोनेका नै. इमली नै, राख नै, कुछ बी नै.
मैल अलग, उमर अलग."

मी तेव्हा शाळेत प्रयोगशाळा सहायक.
पगार झाला की एक हाली रुपया.
निजामाचा. चार मिनार, मधल्या कमानीत एक ऐन.
हातात घेतला की आधी गार,
मग हळूहळू आपल्याएवढा.

बघायचं कसं, ते त्यांनी शिकवलं.
उन्हात नाही धरायचं, उन्हाच्या शेजारी धरायचं
आणि तिरकं करायचं, थोडंसंच,
झोपलेल्या लेकराचं तोंड बघावं तसं.
खरा रंग कडेकडून आत येतो.
आधी वाळल्या कडब्याचा पिवळा,
मग विटकरी, मग जांभळा,
मग पारव्याच्या मानेवरला तो, ज्याला नाव नाही.
अक्षरांच्या आडोशाला दाट असतो.
मिनारांच्या टोकांवर, जिथं बोटं लागली, तिथं नसतोच.
"झूटा रंग सबपे सरीका बैठता,"
काल पडलेल्या ओरखड्याच्या आतसुद्धा.

वास घ्यायचा. मग फरशीवर टाकून ऐकायचं.
हाली फार खणखणत नाही, तांबं जरा जास्त त्यात,
बसक्या आवाजात बोलतो,
आमच्याकडच्या माणसांसारखा.

हे सगळं शिकून झाल्यावर मी एक केलं.
मे महिना, शाळा बंद, चावी माझ्याकडं.
कुणीतरी घासून घासून पांढराफट्ट केलेला रुपया
पाण्याच्या भावात मिळाला होता.
उकडलेलं अंडं, बंद बरणी, चिमूटभर गंधक,
शेवटी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर.
तिसऱ्या दिवशी तो निळा आला.
इतका देखणा, की मी बरणीचं झाकण परत लावलं.

मानवतच्या तोष्णीवालांना विकला. कापसाची दलाली होती त्यांची.
"कुठला?" त्यांनी विचारलं.
"जिंतूरकडं एका दिवळीत होता, फडक्यात गुंडाळलेला.
फक्त धुऊ नका."
फडकं खरं होतं.

गफूरभाईंना दाखवायचा धीर झाला नाही.
पोळ्याच्या आधी ते गेले.

एकतीस वर्षांनी तोष्णीवालांचा नातू
परभणीला माझ्या दारात.
"आजोबा म्हणायचे, तुम्हाला कळतं.
खरा का खोटा, सांगा."
तेच फडकं.

सालातल्या तिनाचा एक दात मोडका. तोच.
खिडकीशी नेला. तिरका केला.
माझा निळा होता मधोमध, एकसारखा, निर्लज्ज.
पण कडेनं
कडेनं काहीतरी चालून आलं होतं.
कडब्याचा पिवळा. त्याच्या मागं विटकरी.
सागवानी पेटी, सरकीचा वास, एकतीस उन्हाळे,
माझ्या एका शब्दावर कुणीच धुतला नव्हता,
आणि माझ्या रंगाच्या वरून का खालून, कळेना,
खरा माझ्या खोट्यापर्यंत पोचला होता.
दोघांची शीव शोधत
मी भिंग सरकवत राहिलो.

पोराचा चहा पिऊन झाला होता.
ऐकावं म्हणून फरशीवर टाकला.
बसका. चोख हाली.
चांदीबद्दल मी खोटं बोललोच नव्हतो.

"बोला ना सर."
"धुऊ नको," एवढंच आलं तोंडातून.
मग तो पायऱ्यांवर बूट घालत असताना
मी उंबऱ्यापर्यंत गेलो :
"मधला माझा आहे. कडेचा तुमचा."

त्यानं मान हलवली,
म्हाताऱ्यांपुढं हलवतात तशी,
आणि रुपया खिशात टाकला,
सुट्ट्या पैशांत.